चवदार तळ्याचे सात कागद : इतिहास पाठ करायचा की तपासायचा?

आम्ही वस्तीतल्या बुद्ध विहारात दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेतो. मार्च महिना आला की महाडचा विषय ठरलेला. सुरुवातीची दोन-तीन वर्षे आम्ही तो विषय जसा आम्हाला शाळेत शिकवला गेला तसाच शिकवला. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि ते अस्पृश्यांना खुले झाले. दोन ओळी, एक सनावळी, जोरदार जय भीम आणि पुढचा विषय.

एका रविवारी नववीतल्या एका मुलीने हात वर केला. शाळेतल्या निबंधासाठी तिने कुठेतरी वाचले होते की महाड नगरपालिकेने ते तळे १९२४ मध्येच खुले केले होते. तिचा प्रश्न सरळ होता : "दादा, तळं आधीच खुलं होतं, तर मग सत्याग्रह कशाला लागला?" तिच्या मागे बसलेल्या मुलाने लगेच जोड दिली : "आमच्या वर्गातला एक जण हेच म्हणतो. नगरपालिकेनं आधीच दिलं होतं, तुमचे लोक उगाच श्रेय घेतात."

वर्ग आमच्याकडे बघत होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम. ए. केलेले, दर १४ एप्रिलला माईकवर बोलणारे आम्ही, त्या दिवशी "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून निघून आलो. उत्तर माहीत नव्हते याची लाज वाटली नाही. लाज याची वाटली की आजवर आम्ही पोरांना इतिहास दिलाच नव्हता, फक्त निष्कर्ष दिला होता. पुराव्याशिवाय हातात दिलेला निष्कर्ष समोरच्याच्या एका वाक्यात गळून पडतो. आमच्या पोराच्या बाबतीत तेच झाले.

त्या आठवड्यात आम्ही कागद शोधायला बसलो. हा लेख त्या कागदांबद्दल आहे आणि ते वर्गात कसे नेले त्याबद्दलही आहे.

कागदाची किंमत आपल्याला कोणी शिकवायची?

इतिहासाची मूळ साधने, अस्सल दस्तऐवज, प्राथमिक स्रोत असले शब्द ऐकले की आपल्याला विद्यापीठ आठवते. पण कागदाची किंमत आपल्या आयाबापांना प्राध्यापकांपेक्षा जास्त कळते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यामागे किती खेटे घालावे लागतात, ते विचारा. कसत असलेली गायरान जमीन सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कशी हातातून जाते, ते विचारा. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहतो" हे वाक्य तहसील कचेरीत चालत नाही. तिथे कागद लागतो.

मग इतिहासाच्या बाबतीतच आपण विनाकागद कसे काय समाधानी राहतो? पाठ्यपुस्तक म्हणजे मूळ कागद नव्हे. कोणीतरी मूळ कागद वाचले, त्यातले काही निवडले, काही वगळले आणि आपल्या शब्दांत लिहिले, ते पाठ्यपुस्तक. म्हणजे तलाठ्याने तोंडी सांगितलेला सातबारा. तो खरा असू शकतो, खोटाही असू शकतो आणि बहुतेक वेळा अर्धा असतो. अर्ध्या उताऱ्यावर आपण जमिनीचा व्यवहार करत नाही, पण समाजाच्या इतिहासाचा व्यवहार मात्र खुशाल करतो.

सात कागद

पुढच्या रविवारी आम्ही व्याख्यान दिले नाही. मुलांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला एका कागदाचा मजकूर दिला. काही कागदांचे मूळ उतारे मिळाले. काहींचा मजकूर न्यायालयाच्या निकालपत्रातून आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथखंडांतून घ्यावा लागला. तेही मुलांना सांगितले, कारण कागद कुठून आला हा पहिला प्रश्न असतो.

पहिला कागद : ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला सरकारने आपल्या खात्यांच्या प्रमुखांना तो अमलात आणण्याची सूचना काढली.

दुसरा कागद : ५ जानेवारी १९२४. त्या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव.

तिसरा कागद : 'बहिष्कृत भारत'. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद झाली, २० तारखेला लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. ३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांचे हे पाक्षिक सुरू झाले. म्हणजे घटनेनंतर पंधरवड्यात आपल्या बाजूची नोंद आपल्या हाताने छापली जाऊ लागली.

चौथा कागद : ४ ऑगस्ट १९२७. महाड नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव रद्द केला.

पाचवा कागद : १४ डिसेंबर १९२७. दोन दिवस आधी, १२ डिसेंबरला, महाडमधील सवर्ण वादींनी दिवाणी दावा दाखल केला होता. न्यायालयाने बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरची परिषद तोंडावर आली होती.

सहावा कागद : १७ मार्च १९३७. त्याच दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल.

सातवा कागद : भारताचे संविधान, अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आणि अनुच्छेद १७.

प्रत्येक गटाला पाच प्रश्न दिले. हा कागद कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? कधी लिहिला, त्याच्या आधी आणि नंतर काय घडले? यात कोणते क्रियापद वापरले आहे? आणि यात कोण बोलत नाही?

पोरांनी काय शोधले

आम्हाला वाटले होते की मुले कंटाळतील. झाले उलटेच.

पहिल्या गटाने क्रियापद पकडले. बोले ठरावात कौन्सिल 'शिफारस' करते. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे पोरांना आम्ही समजावून सांगावे लागले नाही. "सरपंचानं शिफारस केली म्हणून घरकुल मिळतं का?" असे एकाने विचारले आणि सगळा वर्ग हसला. मग प्रश्न आला की शिफारस पाळली नाही तर शिक्षा काय? १९२३ च्या ठरावात शिक्षा नव्हती. म्हणूनच ५ ऑगस्ट १९२६ ला बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिल्या ठरावाने तळी खुली झाली असती तर दुसऱ्याची गरज काय होती? दुसरा कागद पहिल्या कागदाचे अपयश सांगतो. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत मावत नाही.

बोले हे भंडारी समाजातले नेते होते. अस्पृश्यांच्या पाण्याचा ठराव एका भंडारी प्रतिनिधीने आणला, महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ समाजातले लोक परिषदेच्या बाजूने उभे राहिले, डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली, मनुस्मृती जाळण्याच्या ठरावामागे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते, आणि महाडमध्ये परिषद भरावी म्हणून आधीपासून राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे आपल्याच समाजातले तरुण होते. आपल्या भाषणांत यातली किती नावे येतात? बाबासाहेबांचे मोठेपण एकटे दाखवून वाढत नाही. त्यांनी इतक्या प्रकारची माणसे एका तळ्याकडे चालवत नेली, त्यात ते दिसते.

दुसऱ्या आणि चौथ्या गटाला एकत्र बसवले, कारण दोन्ही कागद एकाच नगरपालिकेचे. मुलांनी तारखांची फळ्यावर ओळ मांडली. ५ जानेवारी १९२४ ला खुले. २० मार्च १९२७ ला पाणी प्यायले. ४ ऑगस्ट १९२७ ला ठराव रद्द. त्या मुलीने, जिने मूळ प्रश्न विचारला होता, बोट ठेवून विचारले : "जानेवारी चोवीस ते मार्च सत्तावीस, तीन वर्षं दोन महिने ठराव होता. तेव्हा कोणी रद्द केला नाही. आपण पाणी प्यायलो आणि साडेचार महिन्यांत रद्द केला. म्हणजे ठरावाचा त्रास नव्हता, पिण्याचा त्रास होता."

याहून नेमके उत्तर आम्हाला देता आले नसते. कागदावरचा हक्क कोणाला खुपत नाही. तो वापरायला माणूस उठला की खुपतो. 'आधीच खुले होते, मग सत्याग्रह कशाला' या प्रश्नाचे उत्तर त्या दोन तारखांमध्येच आहे. सत्याग्रह तळे खुले असल्याचा कागद मिळवण्यासाठी नव्हताच. मिळालेला कागद खरा आहे की खोटा, हे पायांनी तपासण्यासाठी होता. एका मुलाच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली : बोले ठरावाची तारीख ४ ऑगस्ट १९२३ आणि महाडचा ठराव रद्द झाला तो दिवस ४ ऑगस्ट १९२७. बरोबर चार वर्षे. तो योगायोग असेल, आम्ही त्यातून काही सिद्ध करत नाही. पण ज्या पोराला सनावळी पाठ होत नव्हती, त्याला हे दोन दिवस आता जन्मभर विसरता येणार नाहीत.

पाचव्या गटाचा प्रश्न वेगळाच होता. मनाई हुकूम १४ डिसेंबरला आणि परिषद २५ डिसेंबरला, मग बाबासाहेबांनी हुकूम मोडला का? नाही मोडला. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने जमलेले असताना, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय परिषदेने घेतला. एका मुलाला हे पटले नाही. "घाबरले का?" असे त्याने विचारले. आम्ही त्याला गप्प केले नाही, कागदाकडे परत पाठवले. दावा सरकारने केला होता की सवर्णांनी? सवर्ण वादींनी. मग हुकूम मोडला असता तर लढाई कोणाशी झाली असती? सरकारशी आणि कोर्टाशी, तळ्यावर हक्क सांगणाऱ्यांशी नव्हे. मुलांनी दोन बाजू घेऊन अर्धा तास वाद घातला. महाडच्या मंडपातही तेव्हा अशीच घालमेल झाली होती. ती आमच्या विहारात पुन्हा झाली. आम्हाला वाटते, इतिहास शिकणे म्हणजे हेच. तो मनाई हुकूम पुढे २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला, पण मूळ दावा चालूच राहिला.

सहाव्या कागदाने आम्हालाच शिकवले

खरे सांगायचे तर उच्च न्यायालयाचा निकाल आम्हीही पहिल्यांदाच वाचत होतो. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपील न्यायालयाने १९३३ मध्ये आणि शेवटी उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला वादींचा दावा फेटाळला. पाणी प्यायले २० मार्च १९२७ ला. दहा वर्षांना तीन दिवस कमी. एक ओंजळ पाण्याचा हिशेब लागायला दहा वर्षे. आपल्या भाषणांत आपण २० मार्चवर थांबतो. ही दहा वर्षांची कोर्टकचेरी, तारखा, वकिली, खर्च, साक्षी हा संघर्ष नव्हता का?

पण खरी गोष्ट पुढे आहे. आम्ही समजून चाललो होतो की उच्च न्यायालयाने अस्पृश्यता चूक आहे असे सांगून आपल्याला न्याय दिला. निकाल तसे सांगत नाही. तळे नगरपालिकेचे आहे, वादींच्या मालकीचे नाही, हे खालच्या न्यायालयातच ठरले होते. वादींचा उरलेला दावा होता की अनादी काळापासून या तळ्याचा वापर फक्त स्पृश्यांनी करण्याची रूढी आहे. ही रूढी अनादी काळापासूनची असल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, म्हणून दावा फेटाळला. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता, असे म्हणून न्यायालय तिथेच थांबले.

नीट लक्षात घ्या. आपण जिंकलो ते पुराव्याच्या मुद्द्यावर. समतेच्या मुद्द्यावर निकाल झालाच नाही. वादींनी जुने कागद, जुन्या साक्षी आणून रूढी सिद्ध केली असती, तर काय झाले असते हे तो कागद उघडे ठेवतो. हे वाचून वर्गात शांतता पसरली. मग सातव्या गटाची मुलगी उठली आणि तिने संविधान वाचायला घेतले.

अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातले पालन निषिद्ध ठरवले. संविधान सभेने हा अनुच्छेद २९ नोव्हेंबर १९४८ ला स्वीकारला. आता रूढी किती जुनी आहे हे विचारण्याची सोयच उरली नाही. १९३७ च्या निकालाने जो प्रश्न उघडा ठेवला, तो १९४८ मध्ये बंद झाला. आणि अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेतली आहेत. ती पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेली असोत वा सर्वसामान्य जनतेसाठी अर्पण केलेली असोत, तिथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. पहिल्या गटातला एक मुलगा ओरडला : "हे तर आमच्याच कागदात आहे!" त्याने बोले ठराव वर धरला. सार्वजनिक पैशातून राखलेल्या विहिरी, पाणवठे. १९२३ चा 'शिफारस' हा शब्द जाऊन त्या जागी मूलभूत हक्क आला होता. एकाने दुसऱ्यातून उचलले असे आम्ही म्हणत नाही. तो दावा करायला आणखी कागद लागतील. पण संविधान आभाळातून पडलेले नाही, त्यातल्या 'तळी' या एका शब्दामागे किती पाय चालले आहेत, हे त्या पोराला त्या क्षणी कळले. त्यासाठी त्याला आमच्या भाषणाची गरज पडली नाही.

'कागद तर त्यांचेच' : एक रास्त आक्षेप

हा प्रयोग आम्ही कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत सांगितला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आक्षेप घेतला. लिहिण्याचा हक्क शतकानुशतके त्यांच्याकडे होता. सरकारी दफ्तर इंग्रजांचे आणि कारकून ब्राह्मण. मग अस्सल कागदाचा आग्रह धरणे म्हणजे नवी पोथीनिष्ठाच नाही का? आपल्या आजीच्या तोंडचा इतिहास मग खोटा का?

आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आमचे म्हणणे असे. कागद हा देव नाही, साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते. म्हणूनच आमचा पाचवा प्रश्न आहे : यात कोण बोलत नाही? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाचा अर्ज आला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारला मान्य होते, पण एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल या भीतीने प्रवेश दिला नाही. हे प्रकरण बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात मांडले. कोणाच्या कागदातून? सरकारच्याच कागदातून. ज्यांनी दार बंद केले त्यांच्याच दफ्तरातून बाबासाहेबांनी बंद दाराचा पुरावा काढला. शत्रूचा कागद कसा वाचायचा हे आपल्याला त्यांनीच शिकवले आहे. आणि बाबासाहेबांनी तिथे मांडलेल्या हकिकतीत तो मुलगा 'एक महार मुलगा' एवढाच राहतो. त्याचे नाव का नाही, हा प्रश्न वर्गात विचारला की मुलांना दफ्तराचे राजकारण एका मिनिटात समजते.

आणि सगळेच कागद त्यांचे नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला बघायचीही बंदी, तो धर्म आमचा कसा, हा तिचा सवाल. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख तिने लिहिले. नववीतल्या मुलीसमोर तिच्याच वयाच्या आसपासच्या मुलीचा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा लेख ठेवा आणि मग बघा वर्गात काय होते. १९ ऑक्टोबर १८८२ चे जोतीराव फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन घ्या. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक घ्या. आपण लिहिलेच नाही, हा समजही त्यांनीच पसरवलेला आहे.

आजीच्या तोंडचा इतिहास खोटा नाही. तोही साक्षीदार आहे. फक्त त्यालाही तेच पाच प्रश्न विचारायचे.

आपलाही चष्मा पुसू

ही पद्धत फक्त समोरच्यावर वापरायची नसते. तशी वापरली तर ती बेइमानी होईल.

आपल्या मोबाइलवर रोज बाबासाहेबांचे सुविचार फिरतात. खाली ना सन, ना ग्रंथ, ना भाषणाचे ठिकाण. आपण ते पुढे ढकलतो. वादात कोणी 'हे कुठे म्हटले आहे' असे विचारले की आपण चिडतो. ज्या माणसाने आयुष्यभर आपले प्रत्येक विधान पुराव्यावर उभे केले, त्याच्या नावावर विनापुराव्याची वाक्ये खपवणे हा त्याचा सन्मान आहे का?

आमच्या वर्गात हा प्रयोग आम्ही आपल्या सर्वांत लाडक्या घोषणेवर केला. विहाराच्या भिंतीवर लिहिले आहे : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेतल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात क्रम वेगळा आहे : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. शिकणे पहिले, ॲजिटेट दुसरे, संघटना तिसरी. आपण मधले शेवटी नेले आणि त्याला 'संघर्ष' म्हटले. ॲजिटेट म्हणजे रस्त्यावरचा संघर्ष तर आहेच, पण मन ढवळून काढणे, अस्वस्थ करणे हाही त्याचा अर्थ आहे. शिकलेला माणूस आधी अस्वस्थ होतो आणि अस्वस्थ माणसे एकत्र येऊन संघटना करतात, असा तो क्रम आम्ही वाचतो. कोणी वेगळा वाचेल. भिंतीवरची घोषणा पुसा, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या पोरांना दोन्ही क्रम माहीत असावेत आणि फरकावर वाद घालता यावा. भिंतीवर आहे म्हणून खरे, हे तर आपल्याला नको असलेल्या लोकांचे तर्कशास्त्र आहे.

वर्गात नेताना

जे शिक्षक आणि कार्यकर्ते हे करू पाहतील त्यांच्यासाठी आमच्या चुकांमधून शिकलेल्या चार गोष्टी.

एक, एका तासाला एक कागद आणि त्यातल्याही दहा-बारा ओळीच. पूर्ण निकालपत्र मुलांच्या हातात दिले की ती पळतात. आम्ही पहिल्यांदा दिले होते. भाषा सोपी करून द्या, पण मूळ ओळी शेजारी ठेवा, म्हणजे तुम्ही काय सोपे केले हेही मुलांना तपासता येईल.

दोन, एकटा कागद देऊ नका, जोडी द्या. १९२४ चा ठराव एकटा दिला तर नगरपालिका उदार दिसते. १९२७ चा ठराव शेजारी ठेवला की चित्र पालटते. एक कागद दाखवून फसवता येते. दोन कागद असले की फसवणे अवघड होते.

तीन, सर्व जातींची मुले असलेल्या वर्गात जपून. जुन्या कागदांत जातींची नावे आणि अपमानाचे शब्द जसेच्या तसे येतात. ते वाचायला आपल्या समाजातल्या मुलाला उभे करू नका. "तुमच्यात असं असतं ना?" असे विचारून त्याला नमुना बनवू नका. आमच्यापैकी अनेकांनी शाळेत हे भोगले आहे. लाज कोणाला वाटायला हवी, हे कागदाच्या मांडणीवरून ठरते. प्रश्न 'त्यांना का अडवले गेले' असा न विचारता 'अडवणाऱ्यांना हा हक्क कोणी दिला' असा विचारा.

चार, उत्तर आपल्याला माहीत नसेल तर तसे सांगा. "पुढच्या रविवारी सांगतो" हे आमच्या वर्गातले सर्वांत चांगले वाक्य ठरले.

कपाटे उघडा

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. हे कागद आहेत कुठे? बाबासाहेबांचे ग्रंथखंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढायला सुरुवात केली. लोकांची मागणी असूनही त्यांची छपाई रखडली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण जे खंड आपल्याकडे आहेत त्यांचे आपण काय केले? किती विहारांत ते काचेच्या कपाटात, कुलूप लावून, हार घालून ठेवले आहेत? किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला ठाऊक नसते. ज्या समाजाला ग्रंथ बघण्याची बंदी होती, त्याने आपले ग्रंथ स्वतःच कुलपात ठेवावेत, याला काय म्हणायचे?

दुसरे कागद आपल्या घरांत आहेत. ट्रंकेत, पोत्यात, माळ्यावर. एखाद्या परिषदेचे हँडबिल, समता सैनिक दलाचा बिल्ला, पावतीपुस्तक, मिलमधले हजेरीकार्ड, १९५६ च्या नागपूरच्या आठवणीचे पत्र. म्हातारे माणूस जाते आणि पंधरा दिवसांत ते सगळे रद्दीवाल्याकडे जाते. उद्याचा इतिहासकार म्हणेल, यांच्याकडे कागदच नव्हते. तेव्हा दोष कोणाचा असेल?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. या वर्षी जयंतीच्या वर्गणीतून एक स्कॅनर घ्या. वस्तीतल्या दहा घरांत जा, कागद मागा, स्कॅन करा आणि मूळ कागद घरच्यांना सन्मानाने परत द्या. कोणाचा, कुठला, कोणत्या सालचा हे मागे लिहून ठेवा. ते काम पोरांना द्या.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात शाळेत काय केले, ते सांगून थांबतो. तिच्या वर्गातला तो मुलगा पुन्हा म्हणाला, नगरपालिकेने आधीच दिले होते. ती भांडली नाही. तिने वहीचे पान फाडून त्यावर दोन तारखा लिहिल्या, ५ जानेवारी १९२४ आणि ४ ऑगस्ट १९२७, आणि त्याला विचारले : "दिलं होतं, मग परत का घेतलं?" तो म्हणाला, मला हे माहीत नव्हतं. दोघांनी मिळून शिक्षकांना विचारले. शिक्षक म्हणाले, उद्या बघून सांगतो.

जय भीम.